मिनी डीव्ही कॅसेटमधील चौकोन आणि चित्राचा दर्जा

लग्न, मुंज, बारसे, वास्तुशांत अशा घरगुती कार्यांची जी चित्रे १९९५ नंतरच्या दीड दशकात हँडीकॅमवर टिपली गेली, त्यांपैकी फार मोठा भाग मिनी डीव्ही नावाच्या, तळहातावर सहज मावणाऱ्या कॅसेटांवर आजही घरोघरच्या कपाटांत पडून आहे. आणि ज्यांनी अलीकडे त्या बाहेर काढून पुन्हा पाहण्याचा यत्न केला, त्यांच्याकडून येणाऱ्या पृच्छांचा आशय बहुधा एकच असतो. चित्रात मध्येच चौकोन उमटतात, आवाज तुटतो, क्षणभर चित्र गोठते आणि मग पूर्ववत चालू लागते. तर कॅसेट गेली असे समजावे काय? त्या वेळी महागाची कॅसेट घेतली असती तर चित्र अधिक स्वच्छ आले असते काय? आणि दुकानदार ‘कॅसेटच खराब आहे, यापेक्षा चांगले निघणार नाही’ असा निर्वाळा देतो, तो खरा मानावा काय?

या तिन्ही प्रश्नांत निरनिराळ्या गोष्टींची गल्लत झालेली असते. चित्राचा दर्जा कॅमेऱ्याने शूटिंगच्या क्षणीच कायमचा ठरवून टाकलेला असतो. टेप तो वाढवू शकत नाही आणि जुन्या व्हीएचएसप्रमाणे हळूहळू फिकाही करीत नाही. ती तो एक तर जसाच्या तसा परत देते, किंवा त्यातला एखादा तुकडा गमावते. या गमावण्यालाच जाणकार ‘ड्रॉपआउट’ म्हणतात. परंतु ड्रॉपआउट दिसला म्हणजे टेपवरचा मजकूर नष्टच झाला, असे मात्र नव्हे. पुष्कळदा तो जागच्या जागी असतो आणि वाचणाऱ्या यंत्रालाच तो वाचता येत नसतो. म्हणून एका कॅमेऱ्यात, एकदाच लावून पाहिलेल्या कॅसेटविषयी कोणताही अखेरचा निर्णय आपण घेऊ नये आणि दुसऱ्यालाही घेऊ देऊ नये, हे या लेखाचे मुख्य सांगणे आहे.

चौकोन का उमटतात

येथे निर्णयाला आवश्यक तेवढेच तंत्र सांगतो. मिनी डीव्हीची टेप ६.३५ मिलिमीटर रुंद असते, आणि मिनिटाला ९००० फेरे घेणाऱ्या एका लहानशा ड्रमवर बसवलेली दोन हेडे तिच्यावर तिरपे पट्टे लिहीत जातात. हा प्रत्येक पट्टा साधारण वेगात केवळ १० मायक्रॉन रुंद असतो. म्हणजे माणसाच्या एका केसाच्या जाडीत असे पाच-सात पट्टे सहज बसावेत. आपल्याकडील पाल पद्धतीत चित्राची एक चौकट अशा १२ पट्ट्यांवर विभागलेली असते, आणि सेकंदाला २५ चौकटी लिहिल्या जातात. इतक्या सूक्ष्म लिखाणावर धुळीचा एखादा कण आला, टेपच्या पृष्ठभागावरचा धातूचा अतिशय पातळ थर कोठे खरवडला गेला, किंवा हेडाच्या फटीत मळ साचला, तर तेवढा मजकूर वाचता येत नाही.

यंत्रात चूक दुरुस्त करण्याची तजवीज असते आणि लहानसहान चुका ती आपल्या नकळत भरून काढते. तिच्या आवाक्याबाहेरची चूक झाली, की यंत्र मागच्या चौकटीतला तोच तुकडा उचलून रिकाम्या जागी बसवते. नवरदेव बोहल्यावर स्थिर उभा असेल तर हा उसना तुकडा डोळ्यांना कळतही नाही. परंतु तोच वरातीत नाचणाऱ्यांच्या गर्दीवर कॅमेरा फिरत असेल, तर मागच्या क्षणाचा हात पुढच्या क्षणाच्या चेहऱ्यावर चौकोनात चिकटलेला दिसतो. त्यामुळे शांत दृश्यात चौकोन दिसत नाहीत एवढ्यावरून तेथे टेप निर्दोष आहे असे अनुमान काढता येत नाही. आणि परीक्षेसाठी नेहमी हालचालीचा भाग निवडावा, हे ओघानेच आले.

दोष कोणाचा, हे कसे ओळखावे

कागद-पेन्सिल घेऊन बसावे, कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसणारा टाइमकोड, म्हणजे तास, मिनिट व सेकंद दाखवणारे आकडे, चालू ठेवावे, आणि जेथे जेथे चित्र बिघडते तेथील आकडे लिहून ठेवावेत. मग कॅसेट मागे घेऊन तोच भाग पुन्हा पाहावा. एवढ्या साध्या टिपणाने निम्म्याहून अधिक शंकांचा उलगडा होतो.

- दर वेळी त्याच सेकंदाला, तेच चौकोन: दोष टेपवर आहे, बहुधा ओरखडा, सुरकुती किंवा त्या जागीच चिकटलेला कण.
- चौकोन दर वेळी निराळ्या जागी: दोष हेडावरच्या मळाचा आहे, टेप बहुधा सुरक्षित आहे.
- चित्राच्या आडव्या पट्ट्यांपैकी एकाआड एक पट्ट्या गोठलेल्या किंवा जुन्या दृश्याच्या: दोन हेडांपैकी एक बंद पडले आहे. हे दृश्य भयंकर दिसते, पण उपाय पुष्कळदा सर्वांत सोपा असतो.
- एका कॅमेऱ्यात आरंभापासून अखेरपर्यंत चौकोन, दुसऱ्या कॅमेऱ्यात स्वच्छ: यंत्राची मांडणी जुळत नाही.
- अर्धा-पाऊण सेकंद संपूर्ण चित्र गोठते: कॅसेट एचडीव्ही पद्धतीची असण्याचा संभव आहे. तीत चौकटी एकमेकींवर अवलंबून, गटागटाने साठवलेल्या असल्यामुळे एका लहान चुकीने सबंध गट बुडतो.
- काहीच दिसत नाही, केवळ निळा पडदा: कॅसेट कोरी असे मानण्यापूर्वी पुढील परिच्छेद वाचावा.

मिनी डीव्हीच्या एकाच आकाराच्या कॅसेटवर निदान तीन प्रकारचे लेखन होऊ शकते, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते आणि तिच्यापायी चांगल्या कॅसेटा केरात गेल्या आहेत. साधे डीव्ही घरगुती हँडीकॅम वाचतो. लग्नाच्या शूटिंगवाल्यांत सोनीचे पीडी १५० व पीडी १७० हे कॅमेरे फार प्रचारात होते, आणि त्यांत डीव्हीकॅम नावाच्या पद्धतीनेही लिहिता येत असे. तीत पट्टा १५ मायक्रॉन रुंद असतो आणि ६० मिनिटांची कॅसेट ४० मिनिटांतच संपते. ती सर्वच घरगुती कॅमेऱ्यांना वाचता येत नाही. तिसरी पद्धत एचडीव्ही. ती वाचण्यास एचडीव्हीचाच कॅमेरा लागतो आणि साध्या डीव्ही कॅमेऱ्यात अशी कॅसेट कोरी भासते. याखेरीज अमेरिकेतील मुलीने किंवा भावाने तिकडून पाठवलेल्या कॅसेटा एनटीएससी पद्धतीच्या असतात आणि आपल्याकडील पाल कॅमेरे त्या सहसा दाखवीत नाहीत. तेव्हा निळा पडदा दिसताच, ही कॅसेट कोठे, कोणी आणि कोणत्या कॅमेऱ्यावर भरली, याची चौकशी प्रथम करावी.

जे दोष टेपचे नव्हेत

हलणाऱ्या वस्तूंच्या कडांना संगणकावर कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेषा दिसतात, त्याला ड्रॉपआउट समजू नये. त्या काळचे चित्र दूरदर्शन संचासाठी दोन अर्ध्या-अर्ध्या भागांत गुंफलेले असे, आणि संगणक दोन्ही भाग एकदम दाखवतो म्हणून त्या रेषा प्रकट होतात. पाहण्याच्या प्रोग्राममध्ये ‘डीइंटरलेस’ हा पर्याय चालू केला की त्या जातात; मूळ फाइलमधून त्या काढून टाकण्याची घाई करू नये, कारण त्या गुंफणीतच हालचालीची अर्धी माहिती असते.

त्याचप्रमाणे मंद प्रकाशातील चित्रावर दिसणारे रंगीत कण, दिव्यांभोवतीची पसरट तिरीप, डिजिटल झूमने फुगवलेला चेहरा, पांढऱ्या शालूवरची नाहीशी झालेली घडी, हे सर्व कॅमेऱ्याचे आणि प्रकाशयोजनेचे दोष आहेत. घरगुती हँडीकॅममधील प्रकाश टिपणारा संवेदक फार लहान असे आणि कार्यालयातील पिवळ्या दिव्यांखाली त्याला अंधार भेदण्यासाठी संदेश कृत्रिमपणे वाढवावा लागे. हे दोष टेप बदलून गेले नसते आणि आज साफसफाई करूनही जाणार नाहीत. उलटपक्षी, ज्याने दिवसाच्या उजेडात, कॅमेरा स्थिर धरून चित्रण केले, त्याच्या कॅसेटवर आजही डोळे निववणारे चित्र असते. डॅनी बॉयल या इंग्रज दिग्दर्शकाने २००२ चा ‘२८ डेज लेटर’ हा चित्रपट मुख्यतः कॅननच्या एक्सएल १ या मिनी डीव्ही कॅमेऱ्यावर चित्रित केला होता, यावरून या माध्यमाची योग्यता कळावी.

महागड्या कॅसेटचा प्रश्नही येथेच निकालात निघतो. टेपवर आकडे लिहिले जातात. ते वाचता आले की स्वस्त कॅसेटवरचे चित्र आणि महाग कॅसेटवरचे चित्र यांत तिळमात्र भेद नसतो. चांगल्या कॅसेटचा लाभ इतकाच, की तिच्यावर ड्रॉपआउटचा संभव कमी. एकाच कॅसेटवर पुनःपुन्हा चित्रण केल्याने मात्र तिचा पृष्ठभाग झिजतो, आणि ज्यांनी काटकसर म्हणून तसे केले त्यांच्या कॅसेटांत ड्रॉपआउट अधिक आढळतात.

एलपीचा जुना व्यवहार

६० मिनिटांच्या कॅसेटवर ९० मिनिटे मावावीत म्हणून अनेकांनी एलपी हा पर्याय निवडला. चित्राचा दर्जा त्याने कमी होत नाही, कारण आकडे तेवढेच लिहिले जातात. परंतु पट्ट्याची रुंदी १० मायक्रॉनवरून सुमारे ६.७ मायक्रॉनवर येते, आणि मग ज्या कॅमेऱ्याने लिहिले त्याखेरीज दुसऱ्याला ते पुष्कळदा धड वाचता येत नाही. आपली कॅसेट एलपीची असेल आणि मूळ कॅमेरा घरात अथवा नातलगाकडे पडून असेल, तर तो भंगारात देऊ नये. तो दुरुस्त करून घेण्याचा खर्च, नवा-जुना दुसरा कॅमेरा विकत घेण्याच्या खर्चापेक्षा पुष्कळदा अधिक सत्कारणी लागतो. तो मिळणे अशक्य असेल, तर दोन-तीन निरनिराळ्या कॅमेऱ्यांत कॅसेट लावून पाहावी. मांडणीतील सूक्ष्म फरकामुळे एखादा अनपेक्षितपणे जुळतो.

हेड साफ करण्याची रीत

हेडावरचा मळ काढण्यासाठी मिनी डीव्हीची कोरडी क्लीनिंग कॅसेट मिळते. तिच्या वेष्टनावर जी मुदत लिहिलेली असते, आणि ती बहुधा १० सेकंदांच्या आसपास असते, तेवढीच ती चालवावी. ती मागे गुंडाळून तोच भाग पुन्हा वापरू नये, कारण निघालेला मळ त्याच भागावर असतो. क्लीनिंग कॅसेटचा पृष्ठभाग सौम्य कानशीसारखा घासणारा असल्यामुळे तिचा अतिरेक केला तर हेडच झिजते. दोन-तीन वेळा चालवूनही पट्ट्या जात नसतील, तर थांबावे आणि कॅमेरा जाणकार दुरुस्तीवाल्याकडे न्यावा.

कापसाचा बोळा कानकाडीला लावून ड्रम पुसण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो मानू नये. कापसाचा तंतू हेडाच्या टोकाला अडकला आणि हात वर-खाली झाला, की ते टोक तुटते. मग नवा ड्रम मिळणे आज जवळजवळ अशक्य. साफसफाईनंतर प्रथम एखादी बिनमहत्त्वाची कॅसेट लावून पाहावी. लग्नाची कॅसेट परीक्षेसाठी लावू नये.

बुरशी: कोकणपट्टीतील वाचकांसाठी

मुंबई, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा येथील वाचकांच्या कॅसेटांना जो खरा शत्रू आहे तो हा. पावसाळ्यातील चार महिन्यांची दमट हवा, बंद कपाट, आणि कॅसेटच्या डबीत अडकलेला ओलावा यांनी टेपच्या थरांवर बुरशी धरते. म्हणून कोणतीही जुनी कॅसेट कॅमेऱ्यात घालण्यापूर्वी ती खिडकीशी न्यावी, टॉर्चचा उजेड तिरपा पाडावा आणि तिच्या पारदर्शक झरोक्यातून आतील गुंडाळी निरखून पाहावी. निरोगी गुंडाळीची बाजू काळसर, एकसारखी आणि गुळगुळीत दिसते. बुरशी असेल तर त्या काळ्या पृष्ठभागावर पांढरे अथवा करडे ठिपके, कधी कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू, कधी पिठूळ धूळ बसलेली आढळते.

असे काही दिसले, तर ती कॅसेट कोणत्याही यंत्रात घालू नये. एका फेरीत बुरशीचे कण हेडावर, रुळांवर आणि तेथून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर जातात, आणि चिकटलेले थर ओढले जाऊन टेप फाटते. अशा कॅसेटा इतरांपासून वेगळ्या कराव्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात कोरड्या जागी ठेवाव्यात, आणि बुरशी काढण्याचे काम जो प्रत्यक्ष करतो अशाच माणसाकडे द्याव्यात. उन्हात वाळत घालणे, केस वाळवण्याच्या यंत्राने गरम हवा मारणे, फ्रीजमध्ये ठेवणे, हे तिन्ही उपाय घातक आहेत.

ओलाव्याचा आणखी एक त्रास म्हणजे दव. वातानुकूलित खोलीतून कॅमेरा एकदम दमट हवेत आणला की ड्रमवर पाण्याचा सूक्ष्म थर धरतो आणि टेप त्याला चिकटते. कॅमेऱ्याच्या पडद्यावर थेंबाचे चिन्ह लुकलुकू लागले, तर कॅसेट काढून घेऊन, झाकण उघडे ठेवून तासभर थांबावे. चिन्ह जावे म्हणून बटणे दाबत बसू नये.

संगणकावर उतरवून घेणे

युनेस्को आणि ध्वनी व दृक्श्राव्य अभिलेखागारांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी २०१९ मध्ये चुंबकीय टेपांविषयी एक जागृतीचा प्रकल्प हाती घेतला. त्यामागे, २०२५ च्या सुमारास वाचणारी यंत्रे आणि सुटे भाग इतके दुर्मीळ होतील की टेपांवरचा ठेवा परत मिळवणे कठीण होईल, अशी जाणकारांची सर्वमान्य धारणा होती. ती मुदत आली आहे. मिनी डीव्हीचे कॅमेरे नवे बनत नाहीत. टेप टिकली तरी यंत्र टिकेल याचा भरवसा नाही. म्हणून पुढे कधीतरी हा विचार सोडावा.

उतरवण्याचा योग्य मार्ग एकच आहे, आणि तो फायरवायरचा. याच जोडणीला सोनीच्या कॅमेऱ्यांवर ‘आय-लिंक’ आणि अन्यत्र ‘डीव्ही’ असे लिहिलेले असते. या मार्गाने टेपवरचे आकडे, एखाद्या दस्तऐवजाची अक्षरशः नक्कल उतरवावी तसे, काहीही न गाळता आणि न दाबता संगणकावर येतात. त्यांसोबत चित्रणाची तारीख-वेळही येते. तासाच्या कॅसेटला तासभर लागतो आणि फाइल सुमारे १३ जीबीची होते.

पिवळ्या-पांढऱ्या-लाल तारांचा जो दुसरा मार्ग, त्यात आकड्यांचे प्रथम लहरींत आणि मग पुन्हा आकड्यांत रूपांतर होते, दर्जा घटतो आणि तारीख-वेळ हरवते. फायरवायरचे दार निकामी झालेल्या कॅमेऱ्यासाठी तो अखेरचा पर्याय म्हणून ठेवावा. कॅमेऱ्यावरची यूएसबी जोडणी बहुसंख्य मॉडेलांत केवळ मेमरी कार्डावरचे फोटो उतरवण्यासाठी किंवा हलक्या प्रतीच्या चित्रासाठी असते. आणि बाजारात फायरवायर ते यूएसबी म्हणून जी साधी, स्वस्त तार मिळते, ती चालत नाही. ती घेऊन पैसे दवडू नयेत.

संगणकाविषयी: घरच्या डेस्कटॉपमध्ये फायरवायरचे कार्ड बसवता येते, जुन्या लॅपटॉपांत हे दार मुळातच असे, तेव्हा अडगळीतला लॅपटॉप या कामी मौल्यवान ठरतो. ॲपलने २०२५ च्या मॅकओएस २६ पासून फायरवायरचा आधार काढून घेतला आहे, म्हणून मॅक वापरणाऱ्यांनी जुन्या प्रणालीचा संगणक राखून ठेवावा. प्रोग्राम म्हणून विंडोजवर विनडीव्ही आणि लिनक्सवर डीव्हीग्रॅब हे विनामूल्य मिळतात.

कामाचा क्रम असा ठेवावा:

1. कॅसेटच्या पाठीवरचे लहान सरकते बटण ‘सेव्ह’कडे करावे, म्हणजे चुकून वर नवे चित्रण होणार नाही.
2. बुरशी नसल्याची खात्री करून कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि मग पूर्ण मागे गुंडाळून घ्यावी. वर्षानुवर्षे एकाच ताणात राहिलेली टेप त्याने मोकळी होते.
3. कॅमेरा बॅटरीवर न चालवता विजेच्या ॲडॅप्टरवर चालवावा.
4. तार जोडताना दोन्ही यंत्रे बंद ठेवावीत. मोठ्या, सहा टोकांच्या प्लगला एक बाजू निमुळती असते. तो उलटा दडपून बसवल्यास कॅमेऱ्याचे दार कायमचे जळू शकते.
5. संपूर्ण कॅसेट आरंभापासून एका दमात उतरवावी. टाइमकोड मध्ये तुटला म्हणून प्रोग्राम थांबत असेल, तर ती अट बंद करावी.
6. टिपून ठेवलेल्या बिघाडाच्या जागा फाइलमध्ये पाहाव्यात. तेथे चौकोन असतील तर हेड साफ करून, शक्य तर दुसऱ्या कॅमेऱ्यावर, कॅसेट पुन्हा उतरवावी.

प्रोग्राम ‘ड्रॉप्ड फ्रेम्स’ अशी सूचना देतो, तिचा टेपशी संबंध नाही. संगणकाची हार्ड डिस्क मागे पडली आणि चौकटी गळल्या, एवढाच तिचा अर्थ. इतर प्रोग्राम बंद करून पुन्हा उतरवावे.

सहाव्या पायरीचे महत्त्व अधिक विस्ताराने सांगण्यासारखे आहे. पहिल्या वाचनात जी चौकट बिघडली ती दुसऱ्या वाचनात पुष्कळदा शाबूत येते आणि दुसऱ्यात निराळीच एखादी बिघडते. या दोन-तीन प्रतींतून प्रत्येक चौकटीचा निर्दोष तुकडा निवडून एक अखंड प्रत तयार करणारा ‘डीव्हीरेस्क्यू’ नावाचा विनामूल्य प्रोग्राम अभिलेखागारांच्या कामासाठी तयार झालेला आहे. डीव्ही फाइलमध्ये कोणता तुकडा खरा वाचला आणि कोणता उसना बसवला, याची नोंद यंत्र स्वतःच करीत असते. तो प्रोग्राम ती नोंद वाचतो. डोळ्यांना न दिसणारे दोषही त्यामुळे कळतात. ही नोंद केवळ फायरवायरने आलेल्या मूळ फाइलमध्ये असते. एमपी४ किंवा डीव्हीडी करून दिलेल्या प्रतीत ती नष्ट झालेली असते.

उतरवल्यानंतर

मूळ डीव्ही फाइल तशीच राखावी आणि पाहण्यासाठी, पाठवण्यासाठी तिची लहान एमपी४ प्रत वेगळी करावी. डीव्हीडी हा संग्रहाचा मार्ग नव्हे: दोन तासांचे चित्रण एका ४.७ जीबीच्या तबकडीवर बसवायचे तर सेकंदाला २५ मेगाबिटांचे चित्र सुमारे ५ मेगाबिटांत दाबावे लागते. मूळ फाइलच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या हार्ड डिस्कवर, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या गावी राहणाऱ्या आप्ताकडे ठेवावी. कॅसेटाही टाकू नयेत. त्या उभ्या, पूर्ण मागे गुंडाळलेल्या, कोरड्या जागी ठेवाव्यात.

जुने चित्र ‘४के’ करून देतो, असे सांगणारे आता पुष्कळ आहेत. असे प्रोग्राम नसलेला तपशील अनुमानाने भरतात. दिवंगत आजीच्या चेहऱ्यावर तिच्या नसलेल्या रेषा उमटतात. हौस म्हणून वेगळी प्रत करावी, पण त्या प्रतीलाच मूळ मानण्याचा अनर्थ होऊ देऊ नये.

दुकानाकडे काम देताना, आणि आपले हक्क

स्वतः हे करणे शक्य नसेल, तर काम देण्यापूर्वी पुढील गोष्टी विचारून घ्याव्यात आणि पावतीवर लिहून घ्याव्यात: कॅसेट फायरवायरने उतरवणार काय, मूळ डीव्ही फाइल देणार काय, की केवळ एमपी४, बिघाड आढळल्यास हेड साफ करून दुसरे वाचन करणार काय, बुरशी आढळल्यास कॅसेट न लावता कळवणार काय, आणि कॅसेटा परत केव्हा मिळणार. पावतीवर कॅसेटांची संख्या आणि प्रत्येकीवरचा मजकूर असावा. देण्यापूर्वी प्रत्येक कॅसेटचा फोटो काढून ठेवावा. अनेक कॅसेटा असतील तर प्रथम एकच, आणि तीही कमी महत्त्वाची, द्यावी. पहिल्याच प्रश्नाला ‘ते सगळे सारखेच’ असे उत्तर मिळाले, तर तेथे काम न देणे बरे.

मोबदला घेऊन केलेले हे काम २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखालील ‘सेवा’ होय. कॅसेट हरवली, तुटली, किंवा ठरलेली फाइल दिली नाही, तर ती सेवेतील त्रुटी म्हणून जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या मुदतीत करावी लागते. ती आपण राहतो त्या जिल्ह्यातही दाखल करता येते, दुकानाच्या गावी जाण्याची सक्ती नाही. आणि दिलेला मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास फी लागत नाही. ‘नुकसानीस आम्ही जबाबदार नाही’ असे पावतीवर छापलेले असते, परंतु तेवढ्या एका ओळीने दाद मागण्याचा मार्ग बंद होत नाही. आयोगाकडे जाण्यापूर्वी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदवून पाहावी. पुष्कळ प्रकरणे तेथेच मिटतात.

दुसरा हक्क लग्नाचे चित्रण ज्यांनी पैसे देऊन स्टुडिओकडून करून घेतले त्यांचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन एखाद्याच्या सांगण्यावरून केलेल्या छायाचित्रांचा व चित्रफितीचा प्रथम स्वामी, उलट करारनामा नसेल तर, काम करवून घेणारा असतो. म्हणून ‘प्रती काढण्याचा हक्क आमचा’ असे स्टुडिओ म्हणत असेल, तर त्याने तसा लेखी करार दाखवावा. मात्र हा हक्क आणि प्रत्यक्ष कॅसेटची मालकी या दोन गोष्टी भिन्न आहेत; संकलनापूर्वीच्या मूळ कॅसेटा स्टुडिओने आपल्यापाशी ठेवल्या असतील, तर त्या आपल्याला मिळतीलच असे नाही, ते तेव्हाच्या ठरावावर अवलंबून राहील. अशा वेळी भांडणापेक्षा, त्या कॅसेटा फायरवायरने उतरवून फाइल द्यावी, उतरवण्याचा वाजवी खर्च आपण देऊ, असे लेखी पत्र पाठवणे अधिक उपयोगी पडते. आणि प्रकरण पुढे गेलेच, तर त्या पत्राची प्रत, पावती, कॅसेटांचे फोटो आणि टाइमकोडचे टिपण तक्रारअर्जासोबत जोडावे.